नावांत उरलेले परके देव

घोरावाडी स्थानकाजवळच्या डोंगरातील बौद्ध लेण्यांत, जी शेलारवाडीची लेणी म्हणूनही ओळखली जातात, एक ब्राह्मी लेख असून धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची पत्नी सिअगुतणिका हिने आपल्या मुलासह लेणे दान दिल्याचे त्यात नोंदले आहे. याच धेनुकाकटाचे दाते मावळातल्याच कार्ल्याच्या चैत्यगृहातही भेटतात आणि त्यांत कित्येक यवन, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक, आहेत. कार्ल्याचा सिंहस्तंभ महारठी अगिमित्रणकाने दिला, तर तिथल्या आणखी एका लेखात महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचे दान नोंदलेले आहे. अग्नी आणि महादेव ही नावे अशा रीतीने बुद्धाच्या वास्तूत कोरली गेली, आणि संघाला त्यात काही वावगे वाटल्याचे दिसत नाही. ज्या व्यक्तिनामात देवाचे नाव गुंफलेले असते त्याला देवतावाचक नाव म्हणतात. मावळातल्या दात्यांनी अशी नावे निःसंकोच मिरवली.

बायबलच्या हिब्रूत परक्या देवांची नावे घ्यावीत का हा प्रश्न इतक्या सहज सुटला नाही, कारण इतर देवांची नावे मुखी येऊ देऊ नयेत अशी आज्ञा ‘निर्गम’ या ग्रंथातच आहे, आणि तरीही त्याच धर्मग्रंथात बआल, दागोन, कमोश, बेल, नबो अशी शेजारच्या व जेत्या लोकांच्या देवांची नावे ठायी ठायी येतात. ती आली ती बहुधा निषेधासाठीच; पण निषेध करायचा तर नाव घ्यावे लागते, आणि घ्यावे लागले की ते भाषेत रुजते. या पेचातून काढलेली एक वाट मोठी विलक्षण आहे. हिब्रू लिपीत मुळात प्रामुख्याने व्यंजनेच लिहीत, स्वर वाचणाऱ्याच्या मुखी असत आणि स्वरचिन्हे मसोरेत म्हणवणाऱ्या पाठरक्षक पंडितांनी कित्येक शतकांनंतर घातली. त्यामुळे पवित्र संहितेतील एकही अक्षर न बदलता केवळ स्वर बदलून नाव बिघडवता येई. फिनिशियनांची अस्तार्त देवी हिब्रूत अष्टोरेथ झाली, कारण तिच्या व्यंजनांत ‘बोशेथ’, म्हणजे लाज, या शब्दाचे स्वर भरले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शौल राजाच्या मुलाच्या बाबतीत तर अक्षरेही बदलली: ‘इतिहास’ ग्रंथातला एशबाल ‘शमुवेल’ ग्रंथात ईश-बोशेथ होतो. बआल म्हणजे मूळचा धनी किंवा स्वामी, आणि एके काळी इस्राएलच्या देवालाही हे संबोधन लागत असावे. म्हणून राजपुत्राच्या त्या नावावरून शौलाच्या घरात परक्या देवाची पूजा चाले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल.

इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडले आणि पुष्कळ यहुदी बाबेलात नेले गेले. तिथून परतलेल्यांनी आपल्याबरोबर महिन्यांची बाबेली नावे आणली, ही गोष्ट तालमूद हा धर्मशास्त्रसंग्रहही मोकळेपणाने सांगतो. त्यांत एक महिना तम्मुज. यरुशलेमच्या मंदिराच्या उत्तर दाराशी स्त्रिया तम्मुज देवासाठी रडत बसल्याचे दृश्य यहेज्केल संदेष्ट्याला दर्शनात दिसले होते. तो तम्मुज म्हणजे सुमेरांचा दुमुझी, आणि त्याचेच नाव यहुदी पंचांगात आजतागायत चालू आहे.

हे पंचांग महाराष्ट्रातही पाळले जाते. कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला बेने इस्राएल हा यहुदी समाज मराठी बोलतो. पुण्याच्या रास्ता पेठेत त्याचे सिनेगॉग आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या या समाजाच्या इतिहासात सणांची जुनी मराठी नावे जपली आहेत. तम्मुजनंतरच्या आव महिन्यात मंदिराच्या विध्वंसाचा जो उपवास येतो, तो ‘बिरड्याचा रोजा’: वालाचे बिरडे कोकणातल्या स्वयंपाकघरातले, रोजा हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा, आणि शोक यरुशलेमचा. पुरीम या सणाला, तो होळीच्या सुमारास येत असल्याने, ‘होळीचा सण’ म्हणत. परक्यांचा शब्द घेतल्याने श्रद्धा पातळ होत नाही, हे या समाजाने सिनेगॉगही नव्हते अशा काळात शनिवार पाळून सिद्ध केले आहे.

पुरीमच्या दिवशी वाचला जाणारा ग्रंथ एस्तेरचा. त्यातले मर्दखय हे नाव बाबेलच्या मर्दुक देवावरून आले आहे, आणि एस्तेर हे इश्तार देवीवरून आले असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, जरी ‘तारा’ या अर्थाचा फारसी शब्दही त्यामागे असू शकतो. इस्राएलच्या देवाचे नाव मात्र या ग्रंथाच्या हिब्रू संहितेत एकदाही येत नाही.