जागा मिळाली, पुढे काय?

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग काढले. जागेइतकाच आधारही लागतो, हे आम्ही कोल्हापूरकर त्यांच्याकडून शिकलो.

शेजारच्या मिरजेत एम.बी.बी.एस. झालेल्या डॉ. पायल तडवी या मुस्लिम तडवी भिल्ल समाजातल्या. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेताना, २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीवन संपवले. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, तिघींना अटक झाली. राज्यात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासूनच होता. पण शिकणाऱ्या डॉक्टरचे रोजचे काम वरिष्ठांच्याच हाती असते. तक्रार केली तर शिक्षणच पणाला लागते.

आमच्या उर्दू शाळांतल्या मुलीही उद्या डॉक्टर होतील. जागा मिळेल, पाठीशी कोण उभे राहील?