दोनदा फळणारी वेल

1342 साल सरत आलं आहे. तुम्ही देवगिरीच्या, म्हणजेच दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी उभे आहात. वर ताशीव कडा, खाली खंदक, बाहेर द्राक्षाचे वेल. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघालेला इब्न बतूता इथे मुक्कामाला आहे. दौलताबादची द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं तो प्रवासवर्णनात नोंदवणार आहे.

आता पाचशे वर्षं पुढे या. ऑस्ट्रेलियातल्या यारा खोऱ्यात, येरिंगला, रायरी बंधूंनी 1838 मध्ये वेली लावल्या आहेत. जुलैचा गारठा आहे. पानं गळाली, डोळे मिटले, वेल झोपली. वसंतात ती उठेल आणि वर्षाला एकच पीक देईल. याच थंड खोऱ्यात पुढे पिनो न्वार आणि शार्दोने ही वाइनची द्राक्षं नावाजली जातील. थंडीत मणी सावकाश पिकतो, आंबटपणा टिकून राहतो.

दख्खनच्या उन्हात वेलीला अशी झोप नाही. ती फुटतच राहते. इब्न बतूताला दिसलेल्या नवलाचं कारण हेच.

चला नाशिकला, 1999 च्या ऑक्टोबरात. माणसं कात्री घेऊन ओळीत शिरली आहेत. ही गोडी छाटणी. एक काडी हातात घ्या. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ती वाढली आणि उन्हाळ्यातच तिच्या डोळ्यांत घड धरला. तुम्हाला तो दिसत नाही, पण आत आहे. कात्री चालते, कापलेल्या टोकातून पाण्याचा थेंब टपकतो. थोड्याच दिवसांत डोळा फुटेल आणि घड बाहेर येईल. छाटण्या दोन, पीक एकच.

जानेवारी-फेब्रुवारीत इथेच रात्री गार पडतात. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंतांनी सुरू केलेल्या सुला या वाइन कंपनीच्या मळ्यात शेनिन ब्लँक आणि सोव्हिन्यों ब्लँक ही वाइनची द्राक्षं आहेत. 2000 साली त्यांची पहिली वाइन बाजारात येते. ऑस्ट्रेलियात हिवाळा ऋतूने आणला. इथे शेतकऱ्याने छाटणीची तारीख अशी धरली की माल हिवाळ्याच्या गारव्यात पिकावा. खाण्याच्या द्राक्षालाही हाच हिशेब. सोलापुरात, नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणं निवडून दिली, तीही याच दोन छाटण्यांवर पिकतात.

बाजारात फेब्रुवारीत द्राक्षाची पेटी दिसली, तर भावाआधी एक विचारा: बागेची छाटणी कधी झाली? मण्यात गोडी किती उतरली, हे वाणाइतकंच त्या तारखेवर ठरतं.