सुटकेनंतरचे नाते : ‘गुलामगिरी’ ते ‘तराळ-अंतराळ’

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, ही बाब सर्वपरिचित आहे. त्या अर्पणाचा काळही तितकाच विचारार्ह आहे. १८६५ मध्ये दास्य कायद्याने संपले. तथापि मुक्तांच्या हाती आलेली जमीन अध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या गोऱ्या मालकांना परत देवविली. दक्षिणेतील राज्यांनी बेकार हिंडणे हाच गुन्हा ठरविला आणि कालचा गुलाम गोऱ्याच्याच मळ्यात वाटेकरी झाला. १८७७ मध्ये केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले, तेव्हा त्याचे राजकीय संरक्षणही सरले. फुल्यांचे अर्पण या दोन वर्षांच्या मधले आहे. ते मुक्तीच्या कृतीला वंदन करते. मुक्तीनंतरच्या नात्याची कथा तेव्हा पुरी घडलेलीच नव्हती.

आपल्याकडे ती कथा फुल्यांच्या मूळ गावाच्या, साताऱ्यातील कटगुणच्या, शेजारमुलखातून आली. शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनातील आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. तराळ म्हणजे गावकीची कामे करणारा महार. ‘सांगावा’ आणि ‘दौंडी’ ही खरातांच्या कथासंग्रहांची नावेदेखील त्याच कामांतली आहेत. गुलामापाशी जमीन नव्हती. महाराला मात्र वतनाच्या जमिनीनेच बांधले होते. १८७४ च्या वतन कायद्याने हे बंधन पक्के केले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. वतन प्रत्यक्षात संपले ते १ ऑगस्ट १९५९ रोजी. जमीन सरकारजमा झाली आणि कब्जाची किंमत भरल्यावर, विक्रीवरील निर्बंधासह, परत मिळावयाची होती.

काम सुटले, त्याबरोबर बलुतेही सुटले. मेलेले ढोर ओढण्यास दिलेला नकार गावाला द्रोह वाटला आणि अनेक ठिकाणी त्याचे उत्तर बहिष्काराने दिले गेले. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, मिसिसिपीतील मळेवाल्याला काय किंवा माणदेशातील पाटलाला काय, केवळ श्रम नको होते. त्याला जोहारही हवा होता. श्रमाची किंमत कायदा ठरवू शकतो, जोहाराची नाही.

म्हणूनच दलित आत्मकथने केवळ वेदनेचा दस्तऐवज म्हणून वाचणे अपुरे ठरते. सुटका झालेला माणूस आणि सुटकेस राजी नसलेले गाव यांच्यातील बदलत्या सत्तासंबंधांचा तो इतिहास आहे. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचा उत्तरार्ध तेथे सापडतो.