त्रिरश्मीवरचा यवन

नाशिक शहराबाहेर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मीचा डोंगर आहे. त्यात चोवीस बौद्ध लेणी आहेत आणि सारे गाव त्यांना पांडवलेणी म्हणते. विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे अनेकदा गेलो आहे. प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतोच, 'सर, भीमाची खोली कोणती?' पांडवांचा या लेण्यांशी काडीचाही संबंध नाही, हे सांगायला एक मिनिट पुरते. संबंध कोणाचा आहे, हे सांगायला मात्र दिवस जातो. तेथे मुगुदास नावाच्या कोळ्याने सहकुटुंब दान दिलेले लेणे आहे. धंभिक गावच्या लोकांचे दान आहे. शकांचे आहे, सातवाहनांचे आहे. आणि सतरा क्रमांकाचे लेणे एका ग्रीकाचे आहे.

त्याच्या लेखात लिहिले आहे ते एवढेच: उत्तरेकडच्या दत्तमित्री गावचा यवन, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, याने हे लेणे, आतले चैत्यगृह आणि पाण्याची टाकी आईवडिलांसाठी खोदविली, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी, आपला मुलगा धम्मरक्षित याच्यासह, ती चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिली. 'यवन' हा शब्द पुढे बखरकारांनी मुसलमानांसाठी वापरला आणि आज तो शिवीसारखा फेकला जातो. मुळात तो आयोनियाचा, म्हणजे ग्रीकांचा.

दत्तमित्री म्हणजे यवन राजा डिमिट्रिअस याच्या नावाने वसलेले गाव, असे अनेक अभ्यासक मानतात. डिमिट्रिअस या नावाचा अर्थ डिमीटरचा. डिमीटर ही ग्रीकांची धान्याची देवता. म्हणजे हा तर्क खरा असेल, तर नाशिकच्या कातळात एका ग्रीक देवीचे नाव अपभ्रष्ट होऊन का होईना, कोरलेले आहे. या डिमीटरची मुलगी पाताळाच्या राजाने पळवून नेली. आईने धान्य उगवू देणेच बंद केले. माणसे उपाशी मरू लागली, देवांचे नैवेद्य थांबले, तेव्हा देवाधिराज झ्यूसला मुलगी परत आणणे भाग पडले. तीही वर्षातले काही महिनेच. आपल्या शेतकरी बायांना ही कथा सांगा, त्यांना भाष्याची गरज पडणार नाही. अन्न पिकविणाऱ्याने हात आखडला की देवांचेही सिंहासन डळमळते, हे तिच्यात उघड आहे.

या देवीचे मोठे क्षेत्र अथेन्सजवळ एल्युसिस येथे होते. तिथली दीक्षा स्त्रियांना मिळे, गुलामांनाही मिळे. इ. स. पू. ३२९ च्या सुमारास तिथल्या हिशेबाच्या शिलालेखात सरकारी गुलामांच्या दीक्षेचा खर्च नोंदलेला आहे. अट दोनच: हातावर खुनाचे पातक नसावे आणि ग्रीक भाषा कळावी. म्हणून मी ग्रीकांचे गोडवे गाणार नाही. दीक्षा घेऊन बाहेर आलेला गुलाम गुलामच राही, आणि ज्याला ग्रीक येत नाही तो त्यांच्या लेखी रानटी होता. तरीही एक गोष्ट नाशिककराला टोचल्याशिवाय राहत नाही. एल्युसिसला गुलामासाठी जे दार उघडे होते, तसले दार याच नाशकात, काळाराम मंदिराचे, २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या हजारो सत्याग्रहींसमोर बंद होते. पुढची पाच वर्षेही ते उघडले नाही.

यवन येथे आले तेव्हा ब्राह्मणी शास्त्राने त्यांचे काय केले, हेही पाहिले पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात यवन हे क्षत्रिय होते, पण संस्कार सुटल्यामुळे आणि ब्राह्मणांचे दर्शन न घडल्यामुळे शूद्र झाले, असे सांगितले आहे. पतंजलीने व्याकरण शिकविता शिकविता भांड्याचा प्रश्न सोडविला. ज्यांनी जेवल्यावर भांडे घासून शुद्ध होते ते आतले शूद्र, आणि ज्यांनी जेवल्यावर घासूनही शुद्ध होत नाही ते बाहेरचे. शक आणि यवन पहिल्या रांगेत. चांडाळ आणि मृतप दुसऱ्या. परक्या देशातून तलवार घेऊन आलेल्याचे भांडे घासून चालते, इथल्याच मातीतल्या माणसाचे चालत नाही. व्याकरणाचे पुस्तक आहे हे.

बुद्धाने हाच यवन वेगळ्या कामी वापरला. अस्सलायन सुत्तात वर्णश्रेष्ठत्व सांगायला आलेल्या तरुण ब्राह्मणाला तो विचारतो: योन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत ना, मालक आणि दास? आणि मालकाचा दास, दासाचा मालक होतो ना? परदेशच्या समाजाचा दाखला देऊन चातुर्वर्ण्य हे निसर्गाचे नसून माणसाचे आहे, हे त्याने दाखविले.

आता त्याच डोंगरावर तिसऱ्या लेण्याकडे चला. गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती तेथे कोरविली आहे. तो शक, यवन आणि पल्हवांचा संहारक. चार वर्णांचा संकर थांबविणारा. पराक्रमात राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा. लेणे बौद्ध भिक्खूंना दिलेले आणि लेखात वर्णसंकर थांबविल्याचा अभिमान! राजघराणी दोन्ही हातांनी खेळतात, हे नवे नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. अर्जुन आणि भीम या डोंगरावर आले ते उपमा म्हणून, वर्णव्यवस्था सावरणाऱ्या राजाच्या स्तुतीत. पुढे भिक्खू गेले, लिपी वाचणारे उरले नाहीत, आणि उपमेने आलेले पाहुणे घराचे मालक झाले. कोळी, ग्रामस्थ, यवन, सारे दाते पुसले गेले. ब्राह्मी लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने उलगडली नसती, तर इंद्राग्निदत्ताला आपण आजही भीम म्हणालो असतो.

वायव्येकडे धम्माने ग्रीक देवांचे उलट केले. त्यांना हाकलले नाही, कामाला लावले. अफगाणिस्तानात हड्डा येथे बुद्धाशेजारी बसलेला वज्रपाणि म्हणजे सिंहाचे कातडे पांघरलेला हेराक्लीझच होता. अफगाण युद्धाच्या काळात तो नष्ट झाला. या हेराक्लीझची एक कथा आपल्या सफाई कामगारांच्या वस्त्यांत सांगण्यासारखी आहे. पापक्षालनासाठी त्याला एका भेकड राजाची चाकरी करावी लागली आणि त्या राजाने त्याला हजारो गुरांचे, वर्षानुवर्षे साचलेले शेण एका दिवसात काढायचे काम दिले. हेतू अपमानाचाच होता. त्याने भिंत फोडली, दोन नद्यांचे पाट वळविले आणि गोठा धुवून काढला. पुढे तो देव झाला. शेण काढल्याने त्याच्या जन्माला डाग लागला नाही, त्याच्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या तेच काढावे असेही कोणी म्हटले नाही. आपल्याकडे हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले, तरी गटारात माणसे गुदमरून मरतातच. नद्या वळविण्याची अक्कल मात्र कोणाला सुचत नाही.

ग्रीकांच्या कथा महाराष्ट्रात पुन्हा आल्या त्या छापील कागदावरून. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' काढली, तिच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या माथ्यावर होमरचे एक वचन आहे. माणसाच्या वाट्याला गुलामी आली की त्याच दिवशी त्याचा अर्धा गुण नाहीसा होतो, असा त्याचा आशय. होमरच्या काव्यात हे बोलतो कोण? ओडिसिअस नव्हे, कोणी देवही नव्हे. बोलतो डुकरे राखणारा युमिअस, लहानपणी पळवून विकला गेलेला गुलाम. सभांतून आपण प्रोमिथिअसचे नाव फार घेतो. मला हा डुकरे राखणारा जास्त जवळचा वाटतो. त्याच पुस्तकात जोतीरावांनी मत्स्य, कच्छ, वराह, वामन हे अवतार सोलून आतला आक्रमणाचा इतिहास बाहेर काढला. एकाच ग्रंथात एका पुराणातली साक्ष घेतली आणि दुसऱ्या पुराणाची उलटतपासणी केली.

फरक असा की झ्यूस किंवा डिमीटर यांच्यावर आज कोणाचे पोट चालत नाही, म्हणून त्यांची चिकित्सा केली तर कोणी रस्त्यावर येत नाही. ग्रीकांनीही ती सहज होऊ दिली नव्हती. देवांची विटंबना केल्याचा आरोप ठेवून त्यांनी इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विष दिले. आपल्याकडे १९८७ साली बाबासाहेबांचे 'रिडल्स' शासनाने छापले तेव्हा राम-कृष्णांवरील प्रकरण गाळण्यासाठी किती गदारोळ झाला आणि ते राखण्यासाठी आपल्या माणसांना लाखोंच्या संख्येने मुंबईत कसे उतरावे लागले, हे ज्यांनी पाहिले ते अजून आहेत.

विद्यार्थ्यांना सतराव्या लेण्यात नेल्यावर मी शेवटी तीन नावे फळ्यावर लिहावीत तशी सांगतो: बाप धम्मदेव, मुलगा इंद्राग्निदत्त, नातू धम्मरक्षित. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही. मधल्या नावात वैदिक इंद्र आणि अग्नी दोघेही बसले आहेत. नातवाचे नाव ठेवताना ते उतरले. मग मुलांना मी त्यांच्या आजोबांचे, वडिलांचे आणि स्वतःचे नाव वहीत एकाखाली एक लिहायला सांगतो. १९५६ ची रेघ कुठे पडली, ते बहुतेकांना स्वतःच सापडते.