तबकडीतला खर्ज

अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज खरा कसा होता, हा वाद रसिकांच्या बैठकीत अजूनही रंगतो. कोणी म्हणतो नाजूक, कोणी म्हणतो अनुनासिक. खाँसाहेब 1937 साली गेले; मिरजेला त्यांची कबर आहे. ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले ती पिढी आता उरलेली नाही. उरल्या त्या लाखेच्या काळ्या तबकड्या. पण वाचकहो, तबकडी म्हणजे आवाज नव्हे. तबकडी आणि कान यांच्यामध्ये आजकाल एक लहानशी पेटी बसलेली असते, आणि वादाचा निम्मा निकाल ती आपल्याला न विचारता देऊन टाकते. तिचे नाव फोनो प्रीअँप्लिफायर. नाव अवजड आहे, काम मात्र समजण्यासारखे आहे.

ग्रामोफोन आला तेव्हा ही पेटी नव्हतीच. 1902 साली गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गोहरजानचे गाणे घेतले, तेव्हा विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावे, त्या हवेच्या धक्क्याने सुई हलावी आणि मेणावर रेघ उमटावी. घरचा चावीचा ग्रामोफोन हेच उलट्या वाटेने करी. तंबोऱ्याचा खर्ज त्या कर्ण्यात शिरतच नसे. एवढीही रेघ ज्यांच्या नशिबी आली नाही असे थोर लोक आपल्याकडे आहेत. भास्करबुवा बखले 1922 साली गेले, अल्लादिया खाँ 1946 पर्यंत होते. दोघांच्या गाण्याची तबकडी आपल्याला लाभलेली नाही.

1925 च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि खर्जही टिपता येऊ लागला. मग अडचण निराळीच उभी राहिली. खालच्या सुरांना सुई फार रुंद झोके घेते. ते जसेच्या तसे कोरले तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबायचा. पुढे असेही सुचले की वरचे सूर कोरताना वाढवावे आणि ऐकताना उतरवावे, म्हणजे त्यांच्याबरोबर तबकडीची खरखरही उतरेल. आमच्या राळेगणसिद्धीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही: वर अडवलेले खाली कधी आणि किती सोडायचे, याचा हिशेब ठेवावा लागतो.

पण हा हिशेब सगळ्यांचा एक नव्हता. इंग्लंडात 1931 साली एच. एम. व्ही. आणि कोलंबिया एक होऊन ई. एम. आय. झाली. दुसऱ्यांच्या यंत्राचे मानधन भरावे लागू नये म्हणून अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंजिनिअरने आपली स्वतंत्र पद्धत बसवली होती. तीत सेकंदाला 250 कंपनांच्या खालचा भाग दाबला जाई आणि वरचे सूर न वाढवता तसेच ठेवले जात. अमेरिकेत 1948 साली लाँग-प्ले तबकडी निघाली, तरी कंपन्यांची मापे वेगवेगळीच राहिली. अखेर 1954 साली तिथल्या ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघाने एक माप ठरवले आणि हळूहळू जगाने ते मानले. आजची जवळजवळ प्रत्येक पेटी याच मापाने बांधलेली असते.

आपल्या घरांना याची खबर लागली नाही, त्याचेही कारण आहे. जत्रेच्या भोंग्याला जोडलेली थाळी असो की मध्यमवर्गीय घरातली फिएस्टा असो, सुईमागे बहुधा स्फटिकाचा किंवा सिरॅमिकचा तुकडा असे. तो भरपूर वीज देई आणि दाबलेला खर्ज स्वभावानेच अंदाजे भरून काढी. त्या 'अंदाजे'वर दोन पिढ्या गाणे शिकल्या. ती काही वाईट शिकवण होती असे मला वाटत नाही.

आजच्या चुंबकीय कार्ट्रिजचे तसे नाही. ते जेमतेम पाच मिलिव्होल्ट देते. पेटीने ते शंभरपट वाढवायचे आणि शिवाय दाबलेला खर्ज वर काढायचा. मी शाळामास्तर, यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. पण गुणाकार येतो. पेटीची परीक्षा इथेच होते. ठरलेल्या मापात 50 कंपनांचा ध्वनी मधल्या सुरांच्या मानाने सातपट वाढतो, आणि आपल्या घरातली वीज नेमकी सेकंदाला 50 वेळाच आंदोलते. काळी एकचा षड्ज धरला तर तंबोऱ्याच्या खर्जाची तार साधारण 69 कंपनांवर येते. तीही सहापट वाढते. म्हणजे विजेची घरघर आणि तंबोऱ्याचा खर्ज एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. सुई उचलून, आवाज चढवून पाहावे. घरघर आली तर आधी अर्थिंगची तार तपासावी. तरीही ती राहिली, तर बाकीचे गुण ऐकत बसण्यात अर्थ नाही. मग एखादी लाँग-प्ले लावून फक्त तंबोरा ऐकावा. खर्ज नुसता घुमतो की त्याची जवारीही उलगडते? गायक सुरू होण्याआधीच पेटीची परीक्षा संपते.

गोंधळ होतो तो जुन्या तबकड्यांच्या बाबतीत. 1930 नंतरची एच. एम. व्ही.ची तबकडी ब्लुमलाइनच्या मापाने कोरलेली असली आणि 1954 च्या मापाच्या पेटीतून ऐकली, तर खर्ज हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट येतो, आणि 5000 कंपनांपाशी, जिथे 'स' आणि 'श' यांची धार असते, तिथला ध्वनी दोन-पंचमांशाहूनही कमी उरतो. खरखर निम्मी होते. ऐकणारा म्हणतो, "वा, काय गोड!" तो गोडवा गायकाचा नसतो; घोंगडी पांघरून बसवलेल्या गायकाचा असतो. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींनी या तबकड्या जपल्या, त्यांच्या नोंदी केल्या. त्या कष्टांवर अशी घोंगडी पडू नये.

केसरबाई केरकर या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. दुसरे यान 5 सप्टेंबरला सुटले आणि 16 सप्टेंबरला बाई वारल्या. तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिज दिले आहे, फिरवण्याचा वेगही वेष्टनावर चिन्हांनी कोरला आहे. पुढची पेटी मात्र ज्याला सापडेल त्यानेच बांधायची.

आपल्याला ती बाजारात मिळते. जुन्या तबकड्या ऐकायच्या असतील तर खर्जाचे आणि वरच्या सुरांचे माप वेगवेगळे फिरवता येईल, अशा दोन बटनांचीच घ्यावी. एच. एम. व्ही.च्या त्या काळच्या तबकडीला खालचे बटन 250 वर आणावे, वरचे सपाट ठेवावे. खरखर परत येईल. पहिली दोन-चार मिनिटे ती कानाला टोचते. मग शब्दांचे काठ दिसू लागतात आणि समेवर येण्याआधी गायकाने घेतलेला श्वासही ऐकू येतो.