मनीऑर्डर आणि मस्टर

दिवाळीच्या आदल्या दिवशी कराडच्या एस्टी स्थानकावर गेले म्हणजे मुंबईच्या गाड्यांतून उतरणारी मंडळी दिसतात. डोळ्यांत जागरण, हातात मुलांच्या कपड्यांची पिशवी, आणि पुढची ढेबेवाडीची किंवा पाटणची गाडी धरण्याची घाई. गावात त्यांना ‘मुंबईकर’ म्हणतात. चूल इकडे आणि कमाई तिकडे, असा संसार आमच्या या डोंगरपट्ट्यात कित्येक घरांनी तीन-तीन पिढ्या केला आहे.

आधी ओढ होती ती गिरण्यांची. गावचा कोणी जॉबर असला की त्याला दस्तुरी देऊन खात्यात शिरावयाचे, गावकीच्या खोलीत वळकटी टाकावयाची. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर निजे. यंत्रापुढे सगळे सारखे, असे मात्र कोणी समजू नये. विणाई खात्यात कमाई चांगली. परंतु धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना ते खाते बंद असे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. बायकांची कामे रीळ आणि कांड्या भरण्याची. १९२९ साली मुंबई प्रांतात त्यांच्यासाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. पण पुढच्या काळात गिरणीतल्या बायकांची संख्याच उतरत गेली. कारणे अनेक होती. हक्क म्हणजे खर्च, हा मालकांचा हिशेब त्यांतलाच एक.

ज्यांना गिरणी लाभली नाही ते मशीद बंदरला, दाणाबंदरला, गोदीच्या बाजूला गेले. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढावयाचे. पोत्यामागे मजुरी, पोते नाही तर पैसा नाही. पाठ मोडली तर गावची गाडी धरावयाची. तक्रार करावी तर कोणाकडे? व्यापारी म्हणे, हा टोळीचा माणूस. टोळीवाला म्हणे, माल व्यापाऱ्याचा. मालकच नसलेला नोकर, अशी ही विलक्षण जात होती.

या माणसांची संघटना उभी केली ती पाटण तालुक्यातल्या मंद्रूळ कोळे गावच्या अण्णासाहेब पाटलांनी. त्यांचा जन्म १९३३ चा. संप झाले, मोर्चे झाले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला. या कायद्याची युक्ती मला फार आवडते. मालक सापडत नाही ना, मग मंडळच नेमा! कामगार, व्यापारी आणि सरकार यांचे प्रतिनिधी त्यात बसवावयाचे. हमालाची आणि व्यापाऱ्याचीही तेथे नोंदणी. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरावयाची, आणि तिच्यावर ठरावीक टक्क्यांची लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी. ज्याच्या नावापुढे ‘हमाल’ एवढेच लिहिले जाई त्याला पासबुक मिळाले. सगळ्याच हमालांना नव्हे. नोंदणीबाहेरचे पुष्कळ राहिले. तरीही या डोंगरातल्या अनेक घरांची कौले त्या पासबुकाने बदलली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि गिरणगावातली माणसे वळकट्या घेऊन परत आली, तेव्हा या घरांची चूल पेटती राहिली. अण्णासाहेब त्याच वर्षी मार्चमध्ये गेले.

परंतु ही झाली मनीऑर्डर पाठवणाऱ्याची कथा. ती घेणारीचे काय? पोस्टमन यावयाचा महिन्यातून एकदा; खुरपणी, जनावरे, सासू-सासऱ्यांचे आजारपण रोजचे. दुसऱ्याच्या शेतात गेली तर तिची मजुरी पुरुषापेक्षा कमी, हे इतके अंगवळणी पडलेले की त्याला कोणी अन्याय म्हणत नसे.

तिच्या उपयोगी पडणारी गोष्ट निघाली कराडच्या दुसऱ्या अंगाला, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात. विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यावे, असा विचार त्यांनी मांडला आणि १९६५ च्या सुमारास आपल्याच भागात त्याचा प्रयोग करून पाहिला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आटपाडी, जत, माण, खटाव या तालुक्यांत माणसे पाझर तलावांवर आणि खडी फोडण्यावर गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून त्या वर्षीच्या सुकडीची आणि तांबड्या मिलोची चव सांगतात. तोंड वाकडे करून सांगतात, पण सांगतात.

त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात बाईला आणि पुरुषाला एकच दर. पैसा कोठून? शहरातल्या नोकरदारांवर १९७५ पासून बसलेल्या व्यवसाय करातून. म्हणजे मुंबईच्या कचेरीतला कारकून कर भरी, आणि त्यातून माणदेशातल्या बाईचा पगार निघे. या दोघांची कधी गाठ पडली नसेल. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगाराचा कायदा केला, त्याच्या आधी पाव शतकाहून अधिक काळ हे इथे चालू होते.

दर एक झाला म्हणून हिशेब एक झाला असे नाही. नवरा कुदळ मारी, बायको पाटी वाही. मोजमाप खड्ड्याचे, पैसे टोळीचे, आणि मोजून घेणारा हात पुष्कळदा पुरुषाचाच. परंतु मस्टरवर तिचे नाव वेगळे असे. अंगठा तिचा स्वतःचा. ओळखीच्या एका आजीबाईंना मी विचारले, पहिल्या पगाराचे काय केलेत? मला वाटले, लुगडे म्हणतील. त्या म्हणाल्या, “काय करणार? दुकानदाराची उधारी दिली. पण ह्यांच्या मनीऑर्डरीची वाट न बघता दिली, बघा.”

शाळेच्या दाखल-पुस्तकात पालकाचा धंदा लिहावयाचा रकाना असतो. जुनी पाने चाळताना ‘गिरणी कामगार, मुंबई’, ‘माथाडी, मुंबई’ असे शेरे ओळीने लागतात. आजीबाईंच्या मुलाच्या नावापुढेही ‘माथाडी’ असेच आहे. मुलाला शाळेत घालावयास त्या एकट्याच आल्या होत्या.