मेन स्विच कुणाच्या भिंतीवर?

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत कुणी विजेवर चालणारी गाडी घेतली आणि पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी वेगळी लाइन मागितली, की तो विषय बहुधा वायरमनकडे जाण्याआधी व्यवस्थापक समितीच्या बैठकीत जातो. वायर किती जाडीची आणि ब्रेकर किती अँपिअरचा, याचं उत्तर जाणकार अर्ध्या तासात देतो. वायर कुठल्या भिंतीवरून न्यायची, ब्रेकरची पेटी कुठे ठोकायची आणि तिची किल्ली कुणाकडे राहणार, यावर मात्र महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो. याचं खापर पदाधिकाऱ्यांच्या हेकटपणावर फोडणं सोपं आहे, पण त्याने काही उलगडत नाही. हा तिढा वाड्यांच्या काळापासून चालत आला आहे. मीटर, मेन स्विच आणि फ्यूज यांची जागा या शहरात विजेच्या शास्त्राने फारशी ठरवली नाही. भिंत कुणाची आणि बिल कुणाकडून वसूल करायचं, या दोन गोष्टींनी ती ठरवली. पार्किंगमधली चार्जिंगची लाइन हे त्या इतिहासाचं ताजं प्रकरण आहे.

शास्त्राचं म्हणणं तसं थोडकं आहे. फ्यूज काय किंवा ब्रेकर काय, तो मुख्यतः वायरची राखण करतो. वायरमधून तिला झेपेल त्याहून जास्त प्रवाह गेला तर ती तापते, तिच्यावरचं आवरण वितळतं आणि आग लागते. म्हणून ब्रेकर जिथे फाटा फुटतो तिथे, म्हणजे वायरच्या सुरुवातीला हवा. तो गाडीशेजारच्या चार्जरपाशी बसवला आणि मागची पंचवीस-तीस मीटर वायर तशीच सोडली, तर नेमका लांबचा पल्ला बिनराखणीचा राहतो. दुसरी अट अशी की प्रसंगी माणसाचा हात तिथवर चटकन पोचला पाहिजे. भारतीय मानक संस्थेची वायरिंगसंहिता यात काही निषेधांची भर घालते, उदाहरणार्थ गॅसच्या शेगडीवर किंवा सिंकच्या वर स्विचबोर्ड नको. एवढ्या अटी पाळूनही एखाद्या इमारतीत बोर्डासाठी पाच-सहा जागा सहज निघतात. त्यांतली एक निवडताना शास्त्र गप्प बसतं आणि मालकी बोलू लागते.

वाड्यांमध्ये हे स्पष्ट दिसतं. टाटांची जलविद्युत केंद्रं खोपोलीला 1915 मध्ये आणि भिवपुरीला 1922 मध्ये सुरू झाली, पण त्या विजेचं मोठं गिऱ्हाईक मुंबई होती. पुण्यात घरगुती वीज दिली ती परवाना घेतलेल्या पूना इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीने. रास्ता पेठेतल्या पॉवर हाऊस चौकाच्या नावात त्या काळाची खूण आहे. वाडा बांधला गेला तो समईच्या आणि कंदिलाच्या उजेडासाठी. त्याच्या लाकडी सांगाड्यावरून, तुळया-खांबांच्या कडेने, केसिंग-कॅपिंगच्या पट्ट्यांतून आणि पुढे लाकडी बॅटनवरून वायर फिरवली गेली. मीटर, मेन स्विच आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज एकाच लाकडी फळीवर असत, आणि त्या फळीची सोयीची जागा म्हणजे देवडी किंवा पुढचा सोपा. कंपनीच्या माणसाला माजघरापर्यंत न शिरता आकडा वाचता येई, आणि मालकाच्या नजरेआड कुणाला फ्यूजला हात लावता येत नसे. मागच्या चौकातल्या किंवा माडीवरच्या बिऱ्हाडाचा दिवा गेला, की त्यांना खाली उतरून देवडी गाठावी लागे. विजेच्या दृष्टीने प्रत्येक बिऱ्हाडाच्या दाराशी छोटा फ्यूजबोर्ड अधिक शहाणपणाचा ठरला असता. पण मीटर मालकाच्या नावावर असे, भाडेकरूकडून दिव्यांच्या हिशोबाने किंवा पोटमीटरवरून पैसे घेतले जात, आणि तोडण्याचा अधिकार पैसे घेणाऱ्याच्या हाताशी राही.

कायदा मालकाच्या बाजूने होता, म्हणून असं झालं का? तसं म्हणता येत नाही. 1910 च्या भारतीय वीज कायद्यानुसार वीजजोडणीची मागणी जागेचा मालक करू शकत होता, तसाच तिथे राहणाराही करू शकत होता. 2003 च्या कायद्याचं 43 वं कलमही मालक किंवा भोगवटादार असंच म्हणतं. पण मागणीचा हक्क असला, तरी वायर जाते ती दुसऱ्याच्या भिंतीवरून, आणि तिथे संमतीचा प्रश्न येतो. भाडेकरूला वीज मिळण्याचा हक्क होता. ती आणण्याची वाट मालकाच्या हातात होती. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ही कोंडी ओळखली. त्याच्या 24 व्या कलमाने मालकाला अत्यावश्यक पुरवठा तोडायला मनाई केली, आणि त्या पुरवठ्यात पाण्याबरोबर वीज आणि जिन्यातले-बोळांतले दिवेही धरले. असा कायदा करावा लागला, यावरूनच देवडीतल्या त्या फळीचा वापर कशासाठी होऊ शकत होता ते कळतं.

डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता या भागांत बंगले उभे राहिले तेव्हा मालक आणि वापरणारा एकच झाला, आणि बोर्डाची तक्रार काही काळ मिटली. मीटर पुढच्या व्हरांड्यात आला. मोटार असलेल्या घरी कंपाउंडच्या कडेला गॅरेज असे, आणि तिथल्या एका दिव्यासाठी घरातल्याच लाइनवरून वायर ओढली की भागे. ते पुरेसंही होतं. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि 800 वॅटपेक्षा जास्त भार नको, असा आपल्याकडचा संकेत आहे. म्हणजे जेमतेम साडेतीन अँपिअर. त्यात गॅरेजच्या दिव्याने काही बिघडत नव्हतं. भिंत, मीटर आणि गाडी तिन्ही एकाच्या असल्यामुळे बंगल्यात वाद झाला नाही. त्या वेळची वीज काही वेगळी नव्हती.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे कोसळले. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या, आणि पुढच्या दशकांत वाडा पाडून इमारत उभारणं ही शहराची रीतच झाली. 1963 चा सदनिका मालकीचा मोफा कायदा आणि 1970 चा अपार्टमेंट कायदा यांनी सदनिकेच्या मालकीला चौकट दिली. या इमारतींत वाड्यातली ती एक फळी दुभंगली. मीटर आणि त्याचा कटआउट खाली जिन्याशेजारी किंवा मीटर रूममध्ये रांगेने लागले, आणि सदनिकेत दारामागे एम.सी.बी. ब्रेकरची पेटी, म्हणजे डीबी, आली. खटक्याने बंद-चालू होणारा हा ब्रेकर जर्मनीत श्टॉत्स कंपनीने 1920 च्या दशकातच घडवला होता. पुण्यातल्या घरांत तो रुळला तो बऱ्याच उशिरा, नव्या बांधकामांबरोबर. त्याने मोठं काम केलं. फ्यूजची तार बदलायला वायरमन लागे किंवा निदान धाडस लागे. ट्रिप झालेला ब्रेकर घरातलं कुणीही वर करू शकतं. दाराच्या आतल्या विजेवर राहणाऱ्याचा ताबा पहिल्यांदाच पुरता आला. पण मीटरपासून दारापर्यंतचा टप्पा आणि तळमजल्याचा सगळा मोकळा भाग सामाईकच राहिला. पार्किंग त्यातच येतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मीटर खाली नेण्यामागे सुरक्षितता होती, वीजचोरीला आळा घालायचा होता, मालकीचा त्यात संबंध नाही. चोरीचा मुद्दा खरा आहे. वितरकाला मीटर उघड्यावर आणि हाताशी हवा, यात गैर काही नाही. सुरक्षिततेचा मुद्दा मात्र इतका सरळ नाही. आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट म्हणजे जिना, म्हणून विजेचे शाफ्ट जिन्यात उघडू नयेत असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. तरीही असंख्य जुन्या इमारतींत मीटरचे बोर्ड जिन्याखालीच आहेत. सुरक्षिततेने जागा ठरवली असती तर ते तिथे नसते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2006 च्या मीटर नियमांनी आणखी एक तोल साधू पाहिला: मीटर ग्राहकाच्या जागेबाहेर बसवायचा असेल, तर आकडा दाखवणारा डिस्प्ले वितरकाने त्याच्या घरात द्यावा. असा डिस्प्ले पुण्यातल्या सदनिकांत सहसा दिसत नाही. वसुलीच्या सोयीचा भाग अमलात आला आणि राहणाऱ्याच्या सोयीचा कागदावरच राहिला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पार्किंग हे गॅरेज नव्हे, मग तिथे एकट्याच्या लाइनला हक्काने जागा का द्यावी? नहालचंद लालूचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 ला स्पष्ट केलं की स्टिल्ट पार्किंग हे मोफातलं गॅरेज नाही, ते सामाईक क्षेत्र आहे आणि बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही. 2016 च्या रेरा कायद्यानेही छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती असलेल्या जागेलाच गॅरेज मानलं. हे निर्णय रहिवाशांना बिल्डरपासून वाचवणारे होते आणि ते योग्यच होते. पण त्यांचा अर्थ एवढाच की भिंत सगळ्यांची आहे. सामाईक भिंतीवरून प्रत्येकाच्या घरची वायर, पाण्याचा पाइप आणि इंटरनेटची केबल जातेच. मग गाडीच्या वायरला तेवढी बंदी कशाला? वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीने चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागायची सोय दिली. म्हणजे कायद्याने राहणाऱ्याला पुन्हा एकदा मागणीचा हक्क दिला, आणि वाट पुन्हा भिंतीच्या मालकाकडे राहिली. फरक एवढाच की आता मालक म्हणजे सगळे सभासद मिळून.

सगळ्यांनी चार्जर लावले तर ट्रान्सफॉर्मरवर ताण येईल, ही भीती मात्र खोटी नाही. 2020 मध्ये चेतक स्कूटर विजेवर परतली तेव्हा विक्री पुणे आणि बेंगळुरूपासूनच सुरू झाली. स्कूटरचं चार्जिंग साधारण एक किलोवॅटच्या आसपास भागतं, पण मोटारीचा 3.3 किलोवॅटचा चार्जर सुमारे 14 अँपिअर खेचतो आणि 7.4 किलोवॅटचा 32 अँपिअर, तेही तासन्‌तास. एवढं ओझं घरच्या डीबीतून खाली आणणं किंवा जिन्यातल्या दिव्यांच्या सामाईक मीटरवर टाकणं चुकीचंच. पण यातून नकार निघत नाही, आखणी निघते. इमारतीचा मंजूर भार एकदा मोजावा, मीटर रूममध्ये गाड्यांसाठी वेगळी पट्टी राखावी, प्रत्येक लाइनच्या सुरुवातीला तिथेच ब्रेकर आणि गळतीवर तुटणारा आर.सी.सी.बी. बसवावा, पार्किंगपर्यंत एकच सामाईक केबल ट्रे न्यावा आणि गाडीजवळ हात पोचेल असा एक आयसोलेटर द्यावा. वायर ज्याची, मीटर त्याचा, आणि मीटर रूमची किल्ली वापरणाऱ्या प्रत्येकाकडे. एकेका अर्जावर वेगळी बैठक घेणाऱ्या सोसायटीत वायरी वेड्यावाकड्या वाढतात आणि ज्या आगीच्या भीतीने नकार दिला तिचीच शक्यता वाढते. वाड्यात भाडेकरूला कायद्याचं दार ठोठावावं लागलं, कारण मालक दुसरा कुणी होता. सोसायटीत मालकही तेच आणि राहणारेही तेच. म्हणून हा प्रश्न एका सर्वसाधारण सभेत, एका आराखड्यावर सुटू शकतो.